दंताळ्याचा दांडा

बाबांचं धनुष्य अडुसष्ट इंच,
हिकरीच्या एकाच फळीतून तासलेलं,
दारावरच्या दोन खिळ्यांवर आडवं.
"माणसाएवढं असावं," ते म्हणायचे,
"म्हणजे ओढताना भांडत नाही."
त्यांनी जन्मभर जमिनीवरून शिकार केली,
सीडरच्या आडोशाला, गुडघाभर बर्फात,
आणि त्यांच्या चारी बाजूंना
नुसती हवा होती.

माझ्या चारी बाजूंना काय आहे, सांगते.
ओटर नदीच्या दलदलीत, सोळा फुटांवर
परातीएवढं लोखंडी मचाण.
पाठीशी हेमलॉकचा बुंधा, कमरेला पट्टा,
डाव्या गुडघ्याला कठडा,
आणि उजवीकडे एक फांदी
जी मी दरवर्षी कापणार असते.

गेल्या ऑक्टोबरात आठ टोकांचा नर
वीस पावलांवर येऊन थांबला.
मी ओढलं. वळले.
खालची कांब कठड्याला, टक्.
बोटाच्या पेरानं कुणी दार वाजवावं,
एवढंच.
पांढरी शेपटी दिसली, मग दिवे लागेपर्यंत
दलदल, दलदल, दलदल.

आता आर्व्हिड लाहती विचारतोय, लांबी किती?
मॅपलच्या पट्ट्या चिकटवायला काढल्यात,
शुक्रवारपर्यंत सांग.
आखूड घेतलं तर दोरी बोटांवर चिमट्यासारखी मिटते,
शेवटचे दोन इंच दगड होतात.
लांब घेतलं तर, टक्.
माझी ओढ सव्वीस इंच.
(ही धनुष्याची. दुसरी कधी मोजली नाही.)

बाबा एकोणऐंशीचे, खुब्यात स्टीलचा सांधा,
चढायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद.
तरी आले. काखेत जुन्या दंताळ्याचा दांडा,
बरोब्बर अडुसष्ट इंच,
मध्यावर तांबडी चिकटपट्टी.
"वर घे. मूठ तांबड्यावर. वळ."

मी दोरीनं दांडा वर ओढला, वळले.
टक्.
"खाली पाठव."
दोन्ही टोकांचा एकेक इंच करवतीनं उतरला.
सहासष्ट, कठडा. चौसष्ट, माझाच गुडघा.
बासष्टला फांदी.
"फांदी काप," बाबा म्हणाले.
मी ऐकलं नाही असं दाखवलं,
ते त्यांच्याकडूनच शिकलेय.

साठला बसून वळले तर पट्ट्याची कडी वाजली.
उभी राहून, दांडा थोडा तिरका धरून वळले,
तर काहीच नाही.
बाबांचा डावा कान कधीचाच गेलाय.
मान कलती करून, उजवा कान वर लावून
ते झाडाखाली उभे.
"वाजलं?"
"नाही."
"पुन्हा."
त्यांच्या मानेला जेवढा कल
तेवढाच माझ्या हातातल्या दांड्याला,
हे मला वरून दिसलं,
त्यांना खालून दिसलं असेल का, कोण जाणे.

तरीही त्यांनी आणखी दोन इंच कापले,
खात्रीसाठी. अठ्ठावन्न.
आता बसूनही आवाज नाही,
सगळीकडून, अगदी मागूनसुद्धा.
"हे घे," म्हणाले, आणि लगेच
स्वतःची तीन बोटं आकडा करून पाहिली,
डोळे बारीक केले.
"नको. चिमटतील."
दांडा मात्र कापून झाला होता.
कापलेलं परत जोडता येत नाही,
ते दंताळ्यालाही माहीत असावं.

संध्याकाळी सॉनात
त्यांनी कोटाच्या खिशातून दहा तुकडे काढले,
एकेक करून शेगडीत टाकले.
दगडांवर पाणी पडलं, वाफ उठली,
दोघांचे चेहरे गेले.
"साठ?" वाफेतून आवाज आला.
"साठ. उभं राहून."
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मी आर्व्हिडला काय सांगायचं ते जुळवत होते,
सव्वीस इंचांवर बेचाळीस पौंड, मूठ जरा बारीक.

"ऐला."
"हं."
"ती फांदी काप."